पान उघडले म्हणजे नेमके काय झाले?

हेडलेस ब्राउझरमध्ये टेस्ट चालवणाऱ्यांना एक निरोप तोंडपाठ असतो: नेव्हिगेशनची ३०,००० मिलिसेकंदांची मुदत उलटून गेली. पपेटियर या लायब्ररीचे हे ठरलेले वाक्य. खिडकी न दाखवता पडद्याआड चालणाऱ्या ब्राउझरने तीस सेकंद वाट पाहिली आणि हात टेकले, एवढे त्यातून कळते. वाट कशाची पाहिली, ते कळत नाही. मग पहिला उपाय बहुतेक ठिकाणी एकच होतो. तिसाचे साठ केले जातात, टेस्ट चार दिवस हिरवी राहते आणि पाचव्या दिवशी पुन्हा लाल होते. ही मुदत मुळात पानाविषयी काही सांगतच नाही. वेगवेगळ्या साधनांचे मूळ आकडे शेजारी ठेवले की ते लगेच दिसते: पपेटियर ३० सेकंद थांबतो, सायप्रेस पान उघडायला ६० सेकंद देतो, आणि सेलेनियम ज्यावर उभे आहे त्या वेबड्रायव्हरच्या प्रमाणकात हीच मुदत ३,००,००० मिलिसेकंद, म्हणजे पाच मिनिटे आहे. एकाच कामासाठी दहापट फरकाचे अंदाज. पान लोड न होण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ वेळेत नसते, व्याख्येत असते, असे माझे म्हणणे आहे. ‘लोड झाले’ या दोन शब्दांना चार-पाच अर्थ आहेत; टेस्टला त्यातला एक हवा असतो आणि आपण ब्राउझरला विचारतो दुसराच.

ब्राउझरच्या लेखी पान तीन अवस्थांतून जाते. आधी एचटीएमएल येत असते. ते वाचून संपले की पानाची झाडासारखी रचना, म्हणजे डोम, तयार होते आणि ‘डोम-कंटेंट-लोडेड’ ही घटना घडते. शेवटी चित्रे, स्टाइलशीट, स्क्रिप्ट अशा सगळ्या जोडफायली आल्या की ‘लोड’ घडते. सर्व्हरने तयार पान पाठवायचे आणि ब्राउझरने ते दाखवायचे, त्या काळात ही व्याख्या चोख होती. आता वीजबिल भरण्याचे एखादे पान डोळ्यांसमोर आणा. सर्व्हरकडून येते ते जवळजवळ रिकामे एचटीएमएल: एक कोरा डबा आणि एक मोठी स्क्रिप्ट. स्क्रिप्ट उतरते, ‘लोड’ घडून जाते, आणि पडद्यावर अजून राखाडी पट्ट्याच असतात. मग स्क्रिप्ट ग्राहक क्रमांक पाठवून थकबाकी मागवते, उत्तर आले की रक्कम छापते, आणि त्यानंतर ‘भरणा करा’ हे बटण दिसते. टेस्टला दाबायचे आहे ते बटण. ‘लोड’वर विसंबलेली टेस्ट रक्कम येण्याआधीच बटण शोधते आणि सापडत नाही म्हणून पडते. उलटही घडते. पानाच्या तळाशी असलेल्या जाहिरातीचे चित्र तिसऱ्याच सर्व्हरवरून यायचे असते, तो सर्व्हर उत्तर देत नाही, आणि बटण केव्हाच तयार असूनही ‘लोड’ अडून बसते. पहिल्या प्रसंगात ‘लोड’ फार लवकर येते, दुसऱ्यात फार उशिरा. मुदत वाढवण्याचा उपयोग दोन्हीकडे नाही: पहिल्यात ती मुदत लागूच होत नाही, दुसऱ्यात ती जाहिरातीच्या चित्रावर खर्च होते.

हा घोळ नवा नाही. २०११च्या जानेवारीत आरिया हिदायत यांनी फँटमजेएस प्रसिद्ध केले, आणि जावास्क्रिप्टमधून हाकता येणारा बिनखिडकीचा वेबकिट ब्राउझर सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती आला. पान उघडायला सांगितले की फँटम एकच शब्द परत देई, ‘सक्सेस’ किंवा ‘फेल’. या दोन शब्दांनी किती दिशाभूल केली ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. २०१४च्या ऑक्टोबरात पूडल ही सुरक्षात्रुटी उघडकीस आली आणि जगभरच्या सर्व्हरचालकांनी जुना एसएसएल ३ प्रोटोकॉल बंद केला. फँटमच्या तोवरच्या आवृत्त्या आपणहून तोच प्रोटोकॉल धरून बसत. कालपर्यंत उघडणारी सुरक्षित पाने अचानक ‘फेल’ म्हणू लागली, आणि त्या शब्दात कारणाचा मागमूस नव्हता. आज्ञेच्या ओळीत ‘कोणताही प्रोटोकॉल चालेल’ असे सांगितले की पान उघडे. दुसरी अडचण याच्या बरोबर उलट. फँटमच्या पहिल्या पिढीत फंक्शनची ‘बाइंड’ ही सोय नव्हती. पानाने वापरलेल्या लायब्ररीत ती कुठे आली की स्क्रिप्ट तिथेच मरत असे, पान कोरे राहत असे, आणि फँटम ‘सक्सेस’ म्हणत असे, कारण एचटीएमएल तर व्यवस्थित आले होते. म्हणजे अपयश सांगितले तर कारणाविना, आणि यश सांगितले तर पानाविना. फँटमच्या सोबत येणाऱ्या उदाहरणांत मात्र ‘वेटफॉर’ नावाची एक छोटी फाइल होती. आपण दिलेली अट दर २५० मिलिसेकंदांनी तपासायची आणि तीन सेकंदांत ती खरी ठरली नाही तर थांबायचे, एवढेच तिचे काम. मला वाटते, या सगळ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या फाइलीत तेव्हाच लिहून ठेवलेले होते; ते साधनाच्या दर्शनी भागात यायला आणखी काही वर्षे गेली.

२०१७ साली क्रोमच्या ५९व्या आवृत्तीत हेडलेस अवस्था आली. त्याची चाहूल लागताच फँटमच्या देखभालकर्त्याने बाजूला होत असल्याचे जाहीर केले, आणि २०१८च्या मार्चमध्ये त्या प्रकल्पाचे काम थांबवण्यात आले. लोक जे इंजिन वापरतात तेच टेस्टलाही मिळाल्यामुळे ‘बाइंड’सारख्या अडचणी एका फटक्यात गेल्या. व्याख्येचा प्रश्न मात्र राहिला. २०१७च्याच ऑगस्टमध्ये आलेल्या पपेटियरने त्यावर नवे उत्तर दिले: नेटवर्क शांत झाले की पान लोड झाले असे समजा. पाचशे मिलिसेकंद एकही विनंती चालू नसली तर ‘नेटवर्क-आयडल-शून्य’, दोनपर्यंत चालल्या तरी हरकत नसली तर ‘नेटवर्क-आयडल-दोन’. कल्पना आकर्षक होती, कारण थकबाकी मागवणारी विनंतीही त्यात धरली जाते. पण पाचशे काय किंवा दोन काय, हे आकडे पानाकडून आलेले नाहीत, ते साधनकर्त्यांचे अंदाज आहेत. सर्व्हरशी विनंती उघडी ठेवून नव्या सूचनेची वाट पाहणारे पान कधीच शांत होत नाही, तिथे टेस्ट मुदत संपेपर्यंत लटकते. आणि रक्कम आल्यावर स्क्रिप्ट सहाशे मिलिसेकंद आकडेमोड करून मग सवलतीची दुसरी विनंती पाठवणार असेल, तर मधल्या शांततेतच पान ‘तयार’ ठरते. पपेटियरच्या मूळ चमूतल्या अनेकांनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन २०२०च्या जानेवारीत प्लेराइट आणले. त्याच्या दस्तऐवजात टेस्टसाठी नेटवर्क-आयडल वापरू नका असे स्पष्ट सांगितले आहे. माझ्या मते या सोयीला एक रास्त जागा उरते. पान आपले नाही, त्याची रचना ठाऊक नाही, आणि त्याचे छायाचित्र किंवा पीडीएफ तेवढे काढायचे आहे, तिथे अंदाजाला पर्याय नसतो. आपल्याच पानाची टेस्ट लिहिताना अंदाजावर राहण्याचे कारण नाही.

हा आग्रह निव्वळ मताचा नाही, त्यामागे मोजणी आहे. कोड न बदलताही कधी हिरवी तर कधी लाल होणाऱ्या टेस्टला इंग्रजीत फ्लेकी म्हणतात. आपण लहरी म्हणू. २०१४ साली लुओ आणि सहकाऱ्यांनी अपाची प्रतिष्ठानाच्या ५१ प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्या तपासल्या. ज्यांचे कारण ठरवता आले अशा लहरीपणात ४५ टक्के वाटा एकाच कारणाचा होता: काम चालू असताना त्याची नीट वाट न पाहणे. २०२१मध्ये रोमानो आणि सहकाऱ्यांनी खास पडद्यावरच्या, म्हणजे वेब आणि मोबाइलच्या २३५ लहरी टेस्ट अभ्यासल्या, आणि तिथेही वाट पाहण्यातल्या चुकांचा वाटा जवळपास तेवढाच निघाला. मग उरलेले निम्म्याहून अधिक लहरीपण वाट पाहण्याच्या चुकीतून येत नाही, त्याचे काय, असा आक्षेप यावर येईल. तो बरोबर आहे, आणि त्याकडे पुढे वळू. पण सर्वांत मोठा एकटा वाटा जिथे आहे तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे, आणि साधनांचा प्रवासही त्याच दिशेने झाला आहे. प्लेराइट बटण दाबण्यापूर्वी स्वतःच पाहते की ते दिसते का, हलत तर नाही ना, त्यावर दुसरे काही आच्छादलेले नाही ना, ते सुरू आहे का. ‘हलत नाही’ म्हणजे लागोपाठ दोन फ्रेममध्ये जागा तीच, इतकी नेमकी व्याख्या आहे. सायप्रेसही घटक सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहते. पपेटियरने तर ‘अमुक मिलिसेकंद नुसते थांब’ ही सोयच २०२४मधल्या २२व्या आवृत्तीत काढून टाकली. प्रश्न ब्राउझरकडून नेटवर्ककडे आणि नेटवर्ककडून पडद्यावरच्या एकेका घटकाकडे सरकत आला. ‘पान आले का?’ याच्या जागी ‘थकबाकीची रक्कम दिसते का?’ असे विचारले की टेस्ट आणि ग्राहक एकाच गोष्टीची वाट पाहू लागतात.

एवढ्याने भागते का? नाही, आणि जिथे भागत नाही ती जागा फार शिकवणारी आहे. आजकाल अनेक पाने सर्व्हरवरच रंगवून पाठवली जातात. ‘भरणा करा’ हे बटण पहिल्याच क्षणी दिसते, हलत नाही, झाकलेले नाही, सुरूही आहे. पण त्या बटणाला काम जोडणारी स्क्रिप्ट अजून उतरते आहे. घटकांना जीव येण्याच्या या टप्प्याला हायड्रेशन म्हणतात. प्लेराइटच्या सगळ्या चाचण्या पार करून टेस्ट बटण दाबते, काहीच होत नाही, आणि पुढच्या पावतीची वाट पाहत मुदत संपते. माणूस सहसा एवढ्या चपळाईने दाबत नाही, म्हणून ही टेस्टचीच चूक असे पुष्कळ जण धरतात. मला ते पटत नाही. मंद नेटवर्कवर, स्वस्त मोबाइलवर हा टप्पा कित्येक सेकंद लांबतो, आणि तिथे बटण दाबून काही न होणारा ग्राहक खराखुरा असतो. टेस्टने इथे पानातला दोष पकडला आहे. स्क्रिप्ट जोडली जाईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवणे हा त्याचा योग्य उपाय, आणि प्लेराइटचे दस्तऐवजही हेच सुचवतात.

आता पान खरोखरच न येण्याची कारणे. त्यांचा शोध घेताना पहिली अडचण अशी की साधने ‘आले’ हा शब्द फार उदारपणे वापरतात. पपेटियरमध्ये पान उघडण्याची आज्ञा सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिले तरी यशस्वीच मानली जाते, कारण उत्तर मिळाले. टेस्ट पुढे जाते, चुकीच्या पानावर बटण शोधते, आणि दोष बटणाच्या माथी येतो. म्हणून परत आलेल्या उत्तराचा क्रमांक आधी पाहावा. त्यानंतर पानाची कन्सोल, न पकडलेल्या चुका आणि फसलेल्या विनंत्या या तिन्हींना कान लावून त्यांची नोंद टेस्टच्या निकालासोबत छापावी. हे तीन धागे बांधायला दहा ओळी पुरतात, आणि मुदत संपल्याच्या मुक्या निरोपामागचे कारण बहुधा त्यातच सापडते. कित्येकदा दोष आपल्याच हाताने घातलेला असतो. पपेटियरमध्ये विनंत्या मध्येच अडवण्याची सोय आहे. ती सुरू केल्यावर प्रत्येक विनंतीला पुढे सोडणे किंवा रद्द करणे आपल्यावर येते. एखादी शाखा राहून गेली की ती विनंती कायमची अधांतरी राहते आणि पान गोठते. असाच एक फटका नोडच्या १७व्या आवृत्तीने दिला. नाव-पत्त्यांची उत्तरे ज्या क्रमाने येतील तशीच ती घेऊ लागली, त्यामुळे ‘लोकलहोस्ट’चा अर्थ पुष्कळ यंत्रांवर आयपीव्ही-सहाचा पत्ता असा झाला. सर्व्हर जुन्या १२७.०.०.१वर ऐकत बसलेला, आणि तो जागा झाला का हे पाहणारी नोडची स्क्रिप्ट दुसऱ्याच दारावर टकटक करणारी. ब्राउझरमध्ये हाताने पाहिले तर पान छान उघडते, कारण ब्राउझर दोन्ही पत्ते वापरून पाहतो.

‘माझ्याकडे खिडकीत चालते, हेडलेसमध्ये नाही’ या तक्रारीतही हेच तपासावे लागते. हेडलेसपणावर खापर फोडणे सोपे आहे, आणि एकेकाळी त्यात तथ्यही होते: क्रोमची जुनी हेडलेस अवस्था ही वेगळी बांधणी होती. ११२व्या आवृत्तीत नवी हेडलेस अवस्था आली, ती पूर्ण क्रोमच आहे, फक्त खिडकी रंगवत नाही. १३२व्या आवृत्तीपासून जुनी अवस्था क्रोममधून निघून वेगळ्या प्रोग्रामात गेली. तरीही तक्रार उरते, ती परिसरातल्या फरकांमुळे. पपेटियरचा पडदा मूळचा ८०० बाय ६०० असतो. त्या रुंदीत वरचा मेनू तीन आडव्या रेघांमागे लपतो, आणि दिसणाऱ्या दुव्याची वाट पाहणारी टेस्ट थांबून राहते. डॉकरच्या कंटेनरमध्ये सामायिक स्मृतीची जागा मुळात ६४ मेगाबाइट असते; क्रोमला ती अपुरी पडली की पान अर्ध्यात कोसळते, आणि जड पानेच तेवढी पडत असल्याने दोष त्या पानांचा वाटतो. जुनी अवस्था स्वतःची ओळख ‘हेडलेस-क्रोम’ अशी सांगे. ती ओळख पाहून यंत्रांना अडवणारे सर्व्हर वेगळेच पान पुढे करीत. यातले एकही कारण मुदत वाढवून जात नाही. वाट पाहण्यात न बसणारे ते निम्मे लहरीपण इथे येते, आणि त्यातही मूळ प्रश्न तोच राहतो: आपल्या हाती जे पान आले ते आपण मागितलेलेच आहे, हे कशावरून?

पडलेली टेस्ट पुन्हा चालवून पाहावी, हा यावरचा सर्वांत व्यवहारी आक्षेप. गूगलमधील जॉन मिको यांनी २०१६मध्ये दिलेले आकडे त्याला बळ देतात. तिथल्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही लहरीपण होते, आणि हिरव्याची लाल होण्याच्या घटनांपैकी सुमारे ८४ टक्के लहरी टेस्टशी निगडित होत्या. एवढ्या प्रमाणावर प्रत्येक टेस्टचे मूळ शोधणे शक्य नव्हते, म्हणून लागोपाठ तीनदा पडली तरच पडली म्हणायचे अशी सोय त्यांनी ठेवली. मोठ्या संस्थेला ते भागच असेल. पण वीजबिलाच्या पानावर हायड्रेशनचा दोष आहे, आणि तो दहातून एकदा टेस्ट पाडतो, असे समजा. तीनदा चालवले तर तो हजारातून एकदाच दिसेल. दोष तितकाच राहिला, दिसणे शंभरपटीने कमी झाले. पुन्हा चालवणे मला मान्य आहे ते एका अटीवर: दुसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट पास म्हणून मोजू नये. प्लेराइटच्या अहवालात अशा टेस्टचा गट वेगळा दाखवला जातो. तो गट दर आठवड्याला कुणीतरी उघडून वाचणार असेल तर या सोयीला अर्थ आहे.

टेस्टसाठी पानात खुणा पेरणे चुकीचे, असाही एक आक्षेप असतो. टेस्टपुरती एखादी छुपी खूण घालायची, तर ती ग्राहकापर्यंत का न्यावी? छुप्या खुणेबद्दल मलाही शंका आहे. पण तयारी दाखवणारी खूण छुपी असण्याची गरज नाही. रक्कम येत असताना त्या भागाला ‘व्यस्त’ असा सुगम्यतेचा गुणधर्म लावला, आणि आल्यावर काढला, की पडदावाचक वापरणाऱ्या अंध ग्राहकालाही तो भाग अजून तयार नसल्याचे कळू शकते आणि टेस्टलाही. बटण निष्क्रिय ठेवल्याने दोन्हीकडे तेच साधते. टेस्टला जे कळायला हवे ते बहुतेक वेळा कुणा ग्राहकालाही कळायला हवेच असते.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे घटकाची वाट पाहूनही फसगत होते, आणि मराठी पाने बनवणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. कंटेनरसाठीच्या सडपातळ लिनक्स प्रतिमांमध्ये देवनागरी फॉन्ट सहसा नसतात. पानाने बाहेरून वेबफॉन्ट मागवलेला असला, तरी वेग वाढवण्यासाठी टेस्टमध्ये चित्रे आणि फॉन्टच्या विनंत्या अडवण्याची पद्धत सर्रास आहे. मग ‘थकबाकी’ हा शब्द डोममध्ये अचूक असतो, टेस्ट तो वाचते, हिरवी होते, आणि छायाचित्रात तिथे रिकाम्या चौकोनांची ओळ दिसते. चौकोनांची रुंदी अक्षरांहून वेगळी असल्याने ओळी भलतीकडे तुटतात, बटण खाली ढकलले जाते, आणि लाल झालेली टेस्ट भलत्याच घटकाकडे बोट दाखवते. ‘क्ष’ हे जोडाक्षर तीन कोडांचे असते. फॉन्ट नसला तर ते कोड जुळून एक अक्षर होत नाही, सुटे चौकोन उमटतात, आणि त्याची रुंदी ‘क’हून कितीतरी जास्त भरते. पानावर ही दोन अक्षरे छापून रुंदी मोजणारी एक ओळ टेस्टच्या सुरुवातीला घालता येते, प्रतिमेत नोटो किंवा लोहित हे देवनागरी फॉन्ट बसवता येतात, आणि छायाचित्रापूर्वी ब्राउझरच्या ‘फॉन्ट तयार’ या खुणेची वाट पाहता येते. मराठी पानाच्या बाबतीत ‘लोड झाले’ म्हणण्याआधी ही तिन्ही कामे झालेली असावीत.